डिमेन्शिया झालेल्या माणसाला सांभाळताना या चुका टाळा

"वय झालं, विसरणारच" या एका वाक्यात बहुतेक घरांत पहिली काही वर्षं निघून जातात. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयाचं असू शकतं. पण जन्मभर लावलेल्या कुकरमध्ये पाणीच न घालणं, भाजीवाल्याकडून परत आलेल्या सुट्या पैशांचा मेळ न लागणं, घरापासून दोन गल्ल्यांवर रस्ता चुकणं ही लक्षणं वयाच्या खात्यावर टाकू नका; ती डिमेन्शियाची, म्हणजे मेंदूच्या आजाराने स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाण्याची असू शकतात. डॉक्टरांकडे न्या आणि बी-१२ व थायरॉइडची तपासणी झाली का, हे विचारा. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास असते. ही कमतरता, थायरॉइडचा त्रास, नैराश्य किंवा काही आठवड्यांपूर्वी पडल्यामुळे डोक्यात साचलेलं रक्त यांमुळेही माणूस डिमेन्शिया झाल्यासारखा वागू लागतो, आणि यांवर उपचार आहेत.

निदान झाल्यावर घरात सुरू होते ती तोंडी परीक्षा. "ओळख बघू मी कोण?" पाहुणे तर हमखास विचारतात. उत्तर आलं नाही की समोरचं माणूस ओशाळतं, कधी चिडतं. त्यापेक्षा दारातूनच सांगावं, "आत्या, मी सुधाकरचा मोठा, नाशिकहून आलोय."

"माझ्या पाटल्या सुनेनं घेतल्या"

सगळ्यात जास्त घरं इथे मोडतात. आळ बहुधा त्याच माणसावर येतो जे सगळ्यात जास्त करतं: सून, लेक, नाही तर दिवसभर सांभाळायला असलेल्या मावशी. घडतं असं, की आजी पाटल्या स्वतःच जपून ठेवतात, पण ठेवल्याची आठवण मेंदूत उमटतच नाही. पाटल्या जागेवर नाहीत, आपण हलवल्या नाहीत, म्हणजे कुणीतरी नेल्या. त्यांच्या बाजूने हा हिशेब अगदी सरळ आहे. म्हणून "मी कशाला घेऊ?" म्हणून वाद घालणं व्यर्थ, आणि मुलाने दोघींना समोरासमोर बसवून निवाडा करणं त्याहून वाईट.

"दिसत नाहीत होय? चला, शोधू" एवढंच म्हणा आणि खरंच शोधा. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, साड्यांच्या घड्या, देव्हाऱ्याखालचा खण या जागा पुन्हापुन्हा त्याच निघतात. रद्दी देण्याआधीही चाळून घ्या. खरं सोनं लॉकरमध्ये ठेवून हातात खोट्या पाटल्या, पर्समध्ये दहादहाच्या नोटा द्याव्यात. पर्स उघडून पाहता आली की जीव शांत होतो.

दूरच्या भावंडांना हे आधीच सांगून ठेवा, कारण "मला जेवायला देत नाहीत" असा फोन त्यांना जाणारच. जेवल्याचंही आठवत नसतं. आठवड्यातून एकदा फोनवर दहा मिनिटं बोलणाऱ्याला आई ठणठणीत वाटते. अशा भावंडाला समजावत बसू नये, चार दिवस राहायला बोलवावं, रात्रींसकट.

संध्याकाळ आणि "मला घरी जायचंय"

दिवेलागणीला अस्वस्थता वाढते. "अहो, हेच तुमचं घर" असं कितीदाही सांगितलं तरी उपयोग होत नाही, कारण त्यांना हवं असलेलं घर बहुतेक वेळा लहानपणचं असतं. तिथलं अंगण, विहीर, कोण कोण होतं ते विचारा, एक फेरी मारून आणा. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, उशिराचा चहा बंद करा. गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईला "ते गेले की गं" असं दर वेळी सांगितलं, तर दर वेळी ते दुःख नव्याने कोसळतं. मग खोटं बोलायचं का? माझं मत असं की त्यांच्याविषयी बोलतं करावं: "आठवण येतेय? काय आवडायचं त्यांना?" बहुतेकदा प्रश्न तिथेच विरतो.

एका दिवसात बिघडलं तर

डिमेन्शिया हळूहळू वाढतो. कालपर्यंत बरं असलेलं माणूस एकदोन दिवसांत बरळू लागलं, गुंगीत गेलं किंवा भलतंच काही दिसतंय म्हणू लागलं, तर "आजार वाढला" म्हणून बसू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेला कोठा किंवा नवी गोळी ही कारणं असू शकतात. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येतोच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी किंवा सर्दीचं औषध मेडिकलमधून परस्पर आणू नका. यांतल्या बऱ्याच औषधांनी गोंधळ वाढतो आणि पडण्याचा धोकाही.

घरात लगेच करायचं ते थोडं आहे: बाथरूमची आतली कडी काढून टाका, रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, खिशात पत्ता आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. आंघोळीसाठी झटापट करू नका. नाही म्हटलं तर तासाभराने विचारा, किंवा अंग पुसून घ्या.

कागदपत्रांतली चूक मात्र उशिरा कळते. "कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) केलंय, आता काळजी नाही" असं अनेकांना वाटतं. पण भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २०१नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. त्यामुळे संयुक्त खातं, नामांकन, डॉक्टरांच्या दाखल्यासह मृत्युपत्र ही कामं समज शाबूत असतानाच उरका. पुढे काही अडलं, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर विचारता येतं. केंद्र सरकारी पेन्शन असेल, तर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत उभं करू नका. मोबाइलवर चेहरा दाखवून तो घरीच होतो. वेळ सकाळची निवडा, चहा-नाश्ता झाल्यावरची.