पेशी-संदेशवहनाचे प्रयोग करताना या चुका टाळा

‘कर्करोगाच्या पेशींत ईआरके वाढले आहे’ असे वाक्य अहवालात दिसले की मी विचारतो, ईआरके हे पेशीत वाढीचा संदेश पोहोचवणारे प्रथिन वाढले की त्याचे फॉस्फोरिलेशन, म्हणजे त्याला सक्रिय करणारी फॉस्फेट गटाची जोडणी? संदेशवाहक प्रथिनांच्या बाबतीत अनेकदा प्रमाण तेवढेच राहते आणि बिघाड त्यांच्या सक्रियतेत असतो. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात वारंवार आढळणाऱ्या व्ही६००ई उत्परिवर्तनात, संदेशसाखळीत ईआरकेच्या वर असलेल्या बीआरएएफ प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदलते आणि ते प्रथिन सतत सक्रिय राहते. त्यामुळे फॉस्फो-ईआरकेच्या (फॉस्फेट जोडलेल्या ईआरकेच्या) पट्टीशेजारी एकूण ईआरकेची पट्टी नसलेला वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी, मी परत पाठवतो.

सर्वांत महागात पडते ती पेशी गोळा करतानाची ढिलाई. एका विद्यार्थ्याच्या ब्लॉटमध्ये औषध दिलेल्या पेशींतील फॉस्फो-ईआरके जवळजवळ नाहीसे झाले होते आणि शोधनिबंधाचा मसुदाही तयार होता. चौकशीअंती कळले की त्याने औषधाविना ठेवलेल्या पेशी आधी फोडल्या होत्या आणि औषधाच्या डिश तोवर टेबलावर तशाच पडून होत्या. मी क्रम उलटा करायला सांगितला, तेव्हा ‘औषधाचा परिणाम’ औषध न दिलेल्या पेशींत दिसला! डिश थेट बर्फावर ठेवावी, थंड बफरने धुवावी आणि फॉस्फेटेज-रोधक (फॉस्फेट गट काढून टाकणारी विकरे रोखणारी रसायने) ऐनवेळी मिसळलेल्या द्रावणात पेशी फोडाव्यात. बाजारातील प्रोटिएज-रोधक (प्रथिने तोडणारी विकरे रोखणारी) गोळी टाकली की काम झाले, असे मानणाऱ्या उतावळ्यांनी डबीवरचे लेबल वाचावे. त्या गोळीत फॉस्फेटेज-रोधक असतीलच असे नाही.

अँटिबॉडी ब्लॉटवर नको तिथे चिकटू नये म्हणून अनेकदा दुधाचे द्रावण वापरतात; पण दुधात केसीन हे फॉस्फोप्रथिन असते, म्हणून फॉस्फो-अँटिबॉडीसाठी मी बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) वापरतो. पेशी वाढवण्याच्या ताज्या सीरमयुक्त माध्यमानेही ईआरके चेतवले जाते, हे विसरू नये.

दुसरी खोड म्हणजे पाठ्यपुस्तकातील बाणांची आकृती सरळ रेषा समजणे. व्ही६००ई असलेल्या मेलानोमावर बीआरएएफ-रोधक प्रभावी ठरले, पण तेच उत्परिवर्तन असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एकट्या रोधकाने फारसे साधले नाही. बीआरएएफ रोखताच ईआरकेकडून वर जाणारा लगाम सुटतो, ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा संदेशग्राही सक्रिय होतो आणि संदेश दुसऱ्या वाटेने पुन्हा वाहू लागतो. म्हणूनच २०२० मध्ये अमेरिकेत या रुग्णांसाठी एन्कोराफेनिब हे बीआरएएफ-रोधक आणि सेटुक्सिमॅब हे ईजीएफआर-रोधक ही जोडी मंजूर झाली. औषध दिल्यावर तासाभरातच पेशी गोळा करून घरी जाणाऱ्याला हा उलट प्रवाह दिसण्याची शक्यता कमीच असते. म्हणून मी १, ६ आणि २४ तासांचे नमुने एकाच जेलवर मागतो.