काचेच्या स्टुडिओत राहून काम करायचंय? अर्जाआधी हे वाचा

रबाळे एमआयडीसीत प्रयोगशाळेचे कंडेन्सर (वाफ थंड करणाऱ्या काचेच्या नळ्या) फुंकण्यात माझी अठरा वर्षं गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग काचसंग्रहालयाचा स्टुडिओ १९९६ पासून चालतो. तिथे निवडक कलाकारांना राहून काम करता येतं. त्यासाठी अर्ज करताना जे शिकले ते सांगते.

आधी फोटो. पहिल्या खेपेला मी इथेच आपटले. प्रत्येक वाटीत वरची ट्यूबलाइट, एका फ्लास्कात तर चक्क मीच! आता खिडकीला बटरपेपर चिकटवते, वस्तू तिच्यासमोर ठेवते, घरातले दिवे बंद करते आणि वस्तूच्या दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर, काळा पुठ्ठा उभा करते. काचेची कड काजळ घातल्यासारखी उठून दिसते.

प्रस्तावात ‘काच मला साद घालते’ छापाचं काही नको. काय बनवणार, भट्टीवर की बर्नरवर, मदतनीस किती, एवढं लिहा.

आपण बर्नरच्या ज्योतीवर काम करणारे बोरोसिलिकेटला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उष्णतारोधक काचेला सरावलेलो. भट्टीत बहुधा सोडा-लाइम, म्हणजे बाटल्या-खिडक्यांसारखी साधी काच असते. ती तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. दोन्ही जोडल्या की थंड होताना तडकणारच. शिवाय तयार वस्तू साधारण ५०० अंशांवरून सावकाश उतरवावी लागते, जाड तुकड्याला कित्येक दिवस. त्यामुळे मोठं काम शेवटच्या आठवड्यात ठेवू नका.

तारखा आणि अटी त्या-त्या वर्षीच्या सूचनेतच बघा. निवड झाली की व्हिसासाठीचं पत्र लगेच मागा.