बाथरूममधला कुबट वास: फरशी फोडण्याआधी

बाथरूममध्ये कुबट वास येऊ लागला की आपण फिनेल ओततो किंवा सुगंधी वडी टांगतो, आणि नेमका तिथेच शोध अवघड करून ठेवतो. दोन दिवस सुगंधी काहीही वापरू नये. नाक फार लवकर सरावते, म्हणून रात्रभर दार-खिडकी बंद ठेवावी आणि सकाळी बाहेर फिरून आल्यावर आत पाऊल टाकताच येणारा पहिला वासच खरा मानावा.

तो सडक्या अंड्यासारखा असेल तर संशय ओलीवर न घेता सांडपाण्याच्या जाळीखालच्या ट्रॅपवर, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट भागावर, घ्यावा. ट्रॅपमध्ये साठून राहिलेले पाणी गटारातील वायू अडवते. नहाणी बरेच दिवस वापरात नसली की ते वाळते. तांब्याभर पाणी ओतल्यावर वास गेला, तर काम झाले. न गेल्यास जाळी उचलून केसांचा आणि साबणाचा बुळबुळीत थर खरवडून काढावा.

न वाळलेल्या कपड्यांसारखा वास मात्र बुरशीचा असतो, आणि तिथे खरा प्रश्न असा की तिला पाणी कोठून मिळते. यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटणारी चाचणी अगदी साधी आहे. टाइल नसलेल्या भिंतीवर, जिथे ओल दिसते तिथे, वीतभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला असतील तर ओल खोलीतल्या वाफेची आहे, आणि आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असतील तर ती भिंतीतून येते आहे.

वाफेचीच ओल असेल तर एक्झॉस्ट फॅनच्या जाळीवर टिश्यू पेपर धरून पाहावा. तो चिकटून राहिला नाही तर पंखा नुसताच आवाज करतो आहे. दाराखाली फट नसेल तर चांगला पंखाही हवा ओढू शकत नाही, हे पुष्कळदा लक्षातच येत नाही.

ओल भिंतीतून येत असेल तर घरातील सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि दोन तास कोणीही पाणी वापरू नये, फ्लशसुद्धा. आकडा सरकला तर दाबाच्या, म्हणजे नळांना पाणी पुरवणाऱ्या, पाइपलाइनमध्ये कुठेतरी गळती आहे. मात्र फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये पाणी झिरपत असले तरीही तो सरकतो, म्हणून टाकीत खाद्यरंगाचे काही थेंब टाकून अर्ध्या तासाने कमोडमध्ये रंग उतरला का ते पाहावे. आकडा जागचा हलला नाही, पण अंघोळीनंतर ओल वाढते, असे असेल तर सांडपाण्याचा पाइप, टाइलचे सांधे किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग यांपैकी एकात दोष असण्याची शक्यता अधिक.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर दाराच्या लाकडी चौकटीचा तळ तपासावा. आमच्याकडे दोन महिने भिंतीला दोष दिल्यानंतर मी तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो लोण्यात शिरावा तसा आत गेला; वरचा ऑइलपेंट शाबूत होता, आतले लाकूड भिजून काळे पडले होते. वॉशबेसिनखालच्या कपाटाची मागची फळीसुद्धा अशीच फसवी असते: समोरून कोरडी, मागून केसाळ बुरशीने भरलेली.