विंडोज ११ टाकताय? आधी जकार्डची फ्लॉपी बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात बऱ्याचदा ऑफिसचा एकच कॉम्प्युटर जीएसटीची बिलं काढतो, डॉट मॅट्रिक्सवर चलन छापतो आणि जकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) डिझाइनही फ्लॉपीवर उतरवतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आता विंडोज ११ ची घाई. ते चढतं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी चलन निघत नाही आणि माग डिझाइनसाठी उभा राहतो.

१. आधी यादी करा. कॉम्प्युटरच्या मागची प्रत्येक वायर कुठे जाते ते लिहा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्राम त्यावर थेट चालत नाहीत. ३२ बिटचे बहुतेक चालतात, पण ३२ बिटचा ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) चालत नाही. गफलत इथेच होते: सॉफ्टवेअर उघडतं, डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची, पोर्टमध्ये खोचायची किल्ली) मात्र ओळखलं जात नाही.

२. जुनी डिस्क काढून ठेवा. नवीन विंडोज वेगळ्या एसएसडीवर टाका. २४० जीबीची पुरते. जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती कपाटात ठेवा. मशीनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नसेल तर पळवाट काढून विंडोज चढवता येतं, पण हिशेबाच्या मशीनवर तो उद्योग नको.

३. पॅरलल पोर्ट, म्हणजे जुन्या प्रिंटरची रुंद जोडणी. यूएसबी-पॅरलल केबलने प्रिंटर चालेल, पण पॅरलल डोंगल बहुधा चालणार नाही, कारण ती केबल विंडोजला फक्त प्रिंटर म्हणून दिसते. अशा डिझाइन सॉफ्टवेअरसाठी जुनाच कॉम्प्युटर इंटरनेट काढून ठेवावा. 

४. फ्लॉपी. ड्राइव्ह मिळेनासे झालेत, म्हणून जकार्डच्या कंट्रोलरमध्ये ३४ पिनांचा फ्लॉपी एम्युलेटर (फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्ह वाचणारं उपकरण) बसवतात. घेण्याआधी जुनी फ्लॉपी हातात घेऊन बघा: दोन कोपऱ्यांत दोन चौकोनी भोकं असतील तर १.४४ एमबी, एकच असेल तर ७२० केबी. एम्युलेटर त्याच क्षमतेचा हवा. रिबनची (चपट्या केबलची) लाल कडा पिन १ कडे. चालू केल्यावर दिवा सतत जळत राहिला तर रिबन उलटी लागली आहे. बंद करून फिरवा. पेन ड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट केलेला पेन ड्राइव्ह असे एम्युलेटर सहसा वाचत नाहीत, आणि दोष उगाच एम्युलेटरला लागतो.

५. मराठी फाइली. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फॉन्टची फाइल आधीच कॉपी करा. युनिकोडमध्ये सावकाश बदला, मूळ प्रत ठेवून.

नव्या मशीनवरून एका महिन्याचं जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत आणि एक डिझाइन मागावर प्रत्यक्ष विणून बघेपर्यंत कपाटातली डिस्क पुसू नका.