जुन्या निगेटिव्ह घरच्या घरी डिजिटल करा

कपाटात रंकाळ्याच्या, जोतिबाच्या यात्रेच्या जुन्या निगेटिव्ह पडून आहेत, आणि स्कॅनिंगचा खर्च नको वाटतो? डिजिटल कॅमेरा आणि मोबाईल एवढ्यावर काम भागतं.

१. मोबाईलवर कोरी पांढरी इमेज लावून ब्राइटनेस पूर्ण वाढवा. स्क्रीन पिवळसर करणारा नाइट मोड बंद.

२. काळ्या पुठ्ठ्यात ३६ × २४ मिमीची खिडकी कापा. निगेटिव्ह त्यावर चिकटवू नका, नुसती कडेनं दाबून धरा. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे. कडेचे आकडे सरळ वाचता आले की बाजू बरोबर.

३. दोन्हीकडं काड्यापेट्या रचून पुठ्ठा स्क्रीनपासून तीन-चार सेंटिमीटर वर उचला. खरी युक्ती हीच. थेट काचेवर ठेवलं तर स्क्रीनचे बारीक ठिपके फोटोत उतरतात.

४. कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर वरून रोखा. मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणारी) लेन्स असेल तर उत्तम. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, फाईल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाईल). खोलीतला दिवा घालवा. पट्टे दिसले तर शटर १/३० सेकंदापेक्षा संथ करा.

रंग उलटे करायला डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातलं नेगाडॉक्टर (negadoctor) हे मॉड्यूल वापरा. कृष्णधवल झटकन होतात; रंगीत फिल्मचा नारिंगी थर मात्र डोकं खातो.

हे काम पावसाळ्याआधी उरका. आपल्याकडच्या दमट हवेत पट्ट्या एकमेकींना चिकटतात, आणि चिकटलेल्या कोरड्याच ओढून सोडवल्या तर चित्राचा थरच निघून येतो.