प्रेप स्कूलचा फॉर्म भरताय? आधी डे की बोर्डिंग ते ठरवा

दर सप्टेंबरला ओळखीतलं कोणीतरी फोन करतंच, "अगं, तुम्ही मुलीसाठी केलं होतंत ना, आमचा आठवीत गेलाय, सुरुवात कुठून करू?" म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. प्रेप स्कूल म्हणजे इथली, अमेरिकेतली, अर्ज करून प्रवेश मिळवायची खासगी हायस्कूल. आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे यादीत जवळच्या लॉरेन्सव्हिल, पेडी, हन होत्या आणि लांबच्या अँडोव्हर, एक्सेटर. अँडोव्हर १७७८ ची आणि एक्सेटर १७८१ ची, म्हणजे पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते तेव्हाच्या या शाळा, तर तिथे वशिला, ओळख वगैरे डोक्यातून काढून टाका आणि कामाला लागा.

सगळे आधी एसएसएटीच्या, म्हणजे या शाळांच्या प्रवेशपरीक्षेच्या, क्लासमागे धावतात. खरं तर आधी फॉर्ममधला तो एक चौकोन बघा, डे (रोज घरून जायचं), बोर्डिंग (तिथेच राहायचं) की दोन्ही चालेल. हा साधा प्रश्न नाहीये, कारण दोन्हीकडच्या जागा साधारण वेगळ्या धरल्या जातात. डेला अर्ज केला की तुमच्या मुलाची तुलना शेजारच्याच टाउनमधल्या मुलांशी होते, आणि आमच्या भागात तर वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, प्रिन्स्टन, सगळीकडे तेच मार्क, तेच व्हायोलिन, तीच मॅथची स्पर्धा. बोर्डिंगला शाळेला देशभरातली, जगभरातली मुलं हवी असतात. मग काही पालक म्हणतात, चला बोर्डिंगवर टिक करू, चान्स वाढेल. असं करू नका, एक तर तो वाढतोच असं नाही, आणि इंटरव्ह्यूत "घर एवढं जवळ असताना इथे राहायला का यायचंय?" असं विचारलं की मूल आईच्या तोंडाकडे बघतं आणि तिथेच सगळं कळतं. शिवाय कुठल्या टाउनच्या मुलांना डे मिळतं, जवळच्यांना बोर्डिंग देतात का, याचे नियम शाळाशाळांचे वेगळे, ते साइटवर आधी वाचा, नसेल तर सरळ फोन करून विचारा.

डे म्हणजे तीन वाजता घरी, असं समजू नका हं. वर्ग संपले की दुपारी स्पोर्ट्स, बहुतेक ठिकाणी ते सक्तीचंच, मग नाटकाची रिहर्सल नाहीतर क्लब, जेवणही कधी तिथेच, घरी यायला आठ-साडेआठ. काही शाळांत शनिवारीसुद्धा वर्ग असतात. आणि हे सगळं ड्रायव्हिंग कोण करणार, तर तुम्हीच. आम्ही ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी सहाला मुद्दाम गाडी काढून बघितली, रविवारी १८ मिनिटांत झालेला रस्ता रूट १ हायवेच्या कृपेने ४१ मिनिटांचा निघाला, नवरा स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, चार वर्षं हे? ती शाळा त्याच रात्री यादीतून गेली.

बोर्डिंगमध्ये उलट, डॉर्ममध्ये शिक्षकच कुटुंबासकट राहतात, संध्याकाळी अभ्यासाचे तास ठरलेले असतात, पण सकाळी हाका मारून उठवायला आई नसते. घरी महिनाभर करून बघा, अलार्म त्याचा, कपडे धुणं त्याचं, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. आमच्याकडे चौथ्या दिवशी बस चुकली! टूरला गेलात की डायनिंग हॉलमध्ये जेवा. शाकाहारी मुलाला पास्ता सोडून काय मिळतं हे ब्रोशर वाचून नाही कळत.

आता तारखा. सप्टेंबरमध्ये शाळांच्या साइटवर नाव नोंदवा आणि लगेच इंटरव्ह्यूची वेळ घ्या, नोव्हेंबरपर्यंत चांगले स्लॉट संपलेले असतात. अर्ज बहुतेकांचे १५ जानेवारीपर्यंत, काहींचे त्यानंतर थोडे दिवस. निकाल १० मार्चला, त्यालाच सगळे एम-टेन म्हणतात. उत्तर द्यायचं १० एप्रिलपर्यंत. नववीत सर्वांत जास्त जागा, दहावीत कमी, अकरावीत मोजक्याच.

एसएसएटीत व्हर्बल, मॅथ, रीडिंग, अप्पर लेव्हलला, म्हणजे हायस्कूलसाठीच्या पेपरात, प्रत्येकी ५०० ते ८००, एकूण २४०० पैकी. चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापतात, सोडलेल्याला शून्य, म्हणून अंदाजपंचे ठोकायची सवय आधी मोडा. आणि पर्सेंटाइल बघून घाबरू नका, कारण तुलना याच परीक्षेला बसणाऱ्या मुलांशी असते, शाळेत कायम ९९ आणणाऱ्याला इथे ७० आलं तर तो ढ झालेला नसतो. निबंधाला मार्क नसतात पण तो शाळांकडे जातो, तेव्हा खरडून येऊ नका.

रेकमेंडेशन इंग्लिश आणि मॅथच्या आत्ताच्या टीचरचं लागतं. पब्लिक मिडल स्कूलच्या टीचरना याची सवय नसते, ऑक्टोबरमध्येच भेटून सांगा आणि डिसेंबरात एकदा हळूच आठवण करा. आमच्या एका टीचरच्या ईमेलमध्ये फॉर्मची लिंक स्पॅममध्ये पडून होती, आम्हाला कळलं १२ जानेवारीला, ते तीन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही.

इंटरव्ह्यूत आधी मूल एकटं आत जातं, मग पालक. आपली खोड म्हणजे मुलाचं उत्तर आपणच द्यायचं. आमच्या मुलीला "वीकेंडला काय करतेस" विचारलं, मी पियानोचं उत्तर पाठ करून घेतलं होतं, आणि ही बया सांगत बसली की बाबांच्या रविवारच्या टेनिस बॉल क्रिकेटचं स्कोअर ती लिहिते, आणि वाइडवरून दोन काका भांडले की वही पुढे करून ती कशी सोडवते. अर्धा वेळ त्यातच गेला. बाहेर आल्यावर ते सर आम्हाला म्हणाले, वाइड म्हणजे काय ते मला आता पूर्ण कळलंय. पुढे अर्जातला निबंधही त्यावरच लिहिला तिने, मी फक्त स्पेलिंग बघितलं, तेही तिने दोनदा सांगितल्यावर. पालकांनी लिहायचा भाग मात्र तुम्हीच लिहा, आणि त्यात मूल कशात कमी पडतं तेही लिहा, शाळेला ते कळतंच.

पैशांचं आधीच बोला. बोर्डिंगची फी बऱ्याच ठिकाणी वर्षाला ७० हजार डॉलरच्या वर, डेची ५० हजारांच्या वर. मदत हवी असेल तर तो फॉर्म प्रवेशअर्जाबरोबरच भरा, लाजून मागे ठेवला आणि मार्चनंतर मागितला तर बहुतेक वेळा तिजोरी रिकामी झालेली असते. अँडोव्हर आणि एक्सेटर प्रवेश ठरवताना तुमची ऐपत बघत नाहीत, बाकी बऱ्याच शाळांत मात्र मदतीचं बजेट मर्यादित असतं.

आणि प्रवेश मिळाला की आनंदात लगेच सही करू नका. एप्रिलच्या सुरुवातीला शाळा मुलांना पुन्हा बोलावतात, तेव्हा मुलाला एक अख्खा दिवस वर्गात बसू द्या. मग कॉन्ट्रॅक्ट वाचा, कारण एका ठरावीक तारखेनंतर मूल मध्येच परत आलं तरी वर्षभराची फी बहुतेक ठिकाणी द्यावीच लागते. त्यासाठी फी परतीचा विमा असतो, तो कधी लागू होतो आणि किती टक्के परत देतो हे ऑफिसला ईमेलवर विचारा, म्हणजे लेखी राहील.