घरचं काम पण सीव्हीत लिहा: कोकणातल्या पोरापोरींसाठी

गेली ९ वर्षं मी चिपळूणजवळ एका कंपनीत भरतीचं काम बघते. दरवर्षी मे-जूनला बायोडाट्यांचा ढीग येतो आणि त्यातले अर्धेअधिक वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण पोरं कामाची असतात पण कागदावर त्यातलं काहीच उतरलेलं नसतं. अनुभवाच्या जागी फ्रेशर, आवडीच्या जागी क्रिकेट आणि गाणी ऐकणे, संपलं. दोन वर्षांपूर्वी देवगडकडचा एक मुलगा आला होता, आयटीआय इलेक्ट्रिशियन, त्याला सहज विचारलं घरी काय असतं रे तुमचं, तर म्हणाला आंब्याची बाग, तीन हंगाम फवारणीच्या पंपापासून पेट्या भरण्यापर्यंत सगळं मीच बघतो. मग हे लिहिलं का नाहीस? तर म्हणे, "घरचा काम ता, ता काय लिवचा?"

तेच लिवचा. म्हणून आधी वही घेऊन बसा, सीव्हीचा फॉरमॅट शोधायला नेटवर जाऊ नका एवढ्यात. मागच्या तीन वर्षांत जे जे काम केलंत ते सगळं खरडून काढा, पगार मिळाला असो नसो. बाग, काजूची फॅक्टरी, होमस्टे, वडिलांची होडी, मामाचं मेडिकल, गणपती मंडळाचा जमाखर्च, शिमग्याच्या पालखीचं नियोजन, शेजारच्या पोरांच्या शिकवण्या. मग प्रत्येकापुढे आकडे टाका. किती झाडं, किती माणसं, किती पैसे, किती दिवस. आकडा टाकला की त्याच कामाला वजन येतं.

म्हणजे 'आंबा व्यवसायात वडिलांना मदत' असं लिहिलं तर मी पुढच्या कागदावर जाते. पण असं लिहिलं तर थांबते: 'घरची १८० कलमं, ३ हंगाम. ६ गड्यांचं रोजचं काम लावणे, वजनावर ग्रेडिंग, दिवसाला १५ ते २० पेट्या भरून वाशीला पाठवणे, दलालाकडून आलेली विक्रीची पट्टी तपासून हिशोब एक्सेलमध्ये ठेवणे, फवारणी पंपाची दुरुस्ती.' यात मला माणसं सांभाळणं दिसतं, वेळेवर माल पाठवणं दिसतं, हिशोब दिसतो, मशीनची ओळख दिसते. स्टोअर असो, डिस्पॅच असो, मेंटेनन्स असो, कुठेही हा मुलगा बोलावण्यासारखा आहे. तसंच तारकर्ली किंवा गुहागरला कुणाचं चार खोल्यांचं होमस्टे असेल तर बुकिंग घेणं, पाहुण्यांशी हिंदी-इंग्रजीत बोलणं, ऑनलाइन रिव्ह्यूला उत्तर देणं हे सगळं हॉटेलच्या फ्रंट ऑफिसचंच काम आहे. ट्रॉलरवर इंजिनाचं ऑइल-फिल्टर बदलणारा पोरगा मेकॅनिकल हेल्पर म्हणून अगदी शून्यातून येत नाही. फक्त खोटं लिहू नका, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच ओळीवर येतो, आणि खरं केलेलं असेल तर तुम्ही त्यावर दहा मिनिटं न अडखळता बोलता हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

आता कागद. एक पान पुरे, पाच वर्षांच्या वर नोकरी झाली असेल तर दोन. वर नाव, फोन, ईमेल, तालुका. ईमेल साधा नावाचा काढा. फोन दोन द्या, आणि हे मी कळकळीने सांगते, कारण आपल्याकडे खालच्या वाडीत रेंज नसते, पावसात लाइट गेली की टॉवरच बंद पडतो, मग आम्ही दोनदा फोन लावतो, लागत नाही आणि जागा दुसऱ्याला जाते. दुसरा नंबर चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा रेंज असलेल्या ठिकाणी राहणाऱ्या बहिणीचा किंवा काकाचा द्या आणि त्यांना सांगून ठेवा. जात, धर्म, लग्न झालंय की नाही, उंची, रास यातलं काही लिहायचं नाही, तो लग्नाचा बायोडाटा वेगळा. आधार नंबर तर अजिबात नको, हे कागद कुठे कुठे फिरतात सांगता येत नाही.

राहायचं काय ते मात्र जरूर लिहा. लोटे, महाड, रोहा कुठलीही एमआयडीसी घ्या, आमच्या मनात एकच शंका असते, हा ४० किलोमीटरवरून शिफ्टला रोज येणार कसा? 'कंपनीजवळ खोली घेऊन राहायला तयार, तिन्ही शिफ्ट चालतील' एवढी एक ओळ असली तर निम्मी शंका तिथेच मिटते.

एकच सीव्ही सगळीकडे पाठवायचा नाही. जाहिरात नीट वाचा, त्यात स्टोअर आणि स्टॉक हे शब्द असतील तर तुमचं स्टॉकचं काम पहिल्या ओळीत आणा, बाकीचं खाली. दहा मिनिटांचं काम आहे. पाठवताना पीडीएफच पाठवा, फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचा तिरका फोटो पाठवला तर तो कुणी झूम करून वाचत बसत नाही.

मध्ये वर्ष-दोन वर्षं रिकामी गेली असतील तर लपवू नका. आईचं आजारपण, कोविड, जे असेल ते एका ओळीत. आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कित्येकांच्या फाइलीच्या फाइली गेल्या, आमच्या ओळखीत एका घरात तीन भावंडांची सगळी सर्टिफिकेटं चिखलात सापडली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, सरकारचं डिजिलॉकर अ‍ॅप उघडा. दहावी-बारावीची मार्कशीट बऱ्याच वर्षांची तिथे मिळते. नाहीच मिळाली तर बोर्डाचं कोकण विभागाचं ऑफिस रत्नागिरीलाच आहे, डुप्लिकेटसाठी तिथे अर्ज करा, आणि तो मुलाखतीचं पत्र आल्यावर नाही, आत्ताच.

शिकायचं काय, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे त्याला चांगली वेळ आहे. आंबा संपतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पर्यटक कमी होतात. लावणीचे दिवस सोडले तर याच पावसात एक गोष्ट धरा, एकच. ऑफिसचं काम हवं असेल तर एक्सेल, म्हणजे नुसतं एमएससीआयटीचं सर्टिफिकेट नाही, मी समोर लॅपटॉप ठेवला तर तुम्हाला ५०० ओळींच्या यादीतून हव्या त्या गावची नावं फिल्टर करून बेरीज लावता आली पाहिजे. घरच्या पट्ट्या घ्या आणि त्यावरच सराव करा. अकाउंट्सला टॅली आणि जीएसटीची बिलं. केमिकल प्लांटला जायचं असेल तर आयटीआयचा एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड बघा, आमच्या भागात त्याला खरोखर मागणी आहे. आयटीआय झालेल्यांनी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा. स्टायपेंड कमी वाटतो, पोरं नाक मुरडतात, पण वर्षभर प्लांटमध्ये काढलेला माणूस आणि नुसता पास झालेला माणूस यात आम्ही कुणाला घेतो हे सांगायला नको. सरकारच्या स्वयं पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स फुकट शिकता येतात, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी पडते.

इंग्रजीची भीती खूप जणांना असते. त्यावर माझा एकच उपाय, स्वतःच्या कामाबद्दल दोन मिनिटं आधी मराठीत बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका, मग तेच सोप्या इंग्रजीत. पाठ केलेलं 'मायसेल्फ' लगेच कळतं. पेट्यांबद्दल तुटक्या इंग्रजीत सांगणारा मुलगा मला जास्त आवडतो.

ओळख वापरा, त्यात कमीपणा काही नाही, पण नीट वापरा. गणपतीत चाकरमानी गावाला येतात तेव्हा काकांना "कुठेतरी चिकटवा" असं म्हटलं की ते हो म्हणतात आणि मुंबईला गेले की विसरतात, त्यांचा दोष नसतो, त्यांना कुणाला काय सांगायचं तेच कळत नाही. त्यापेक्षा, "काका, तुमच्या कंपनीत स्टोअरला जागा निघाली तर मला कळवाल का, सीव्ही आत्ताच पाठवून ठेवतो," असं म्हणा आणि तिथेच पाठवा.

आणि पैसे कुणालाही द्यायचे नाहीत. मुलाखतीसाठी, युनिफॉर्मसाठी, डिपॉझिट म्हणून, काही नाही. आखाताला जायचं असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदलेला आहे का ते आधी बघा. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, पावती देऊन. दोन-तीन लाख मागतोय म्हणजे उठून या. बोटीवर जाणाऱ्यांनी कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स आहे का ते डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर बघावं, नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला परवानगीच नाही. जमीन गहाण टाकून दिलेले पैसे बुडालेली घरं मी बघितलीत, म्हणून एवढं ठासून सांगते.

मुलाखत मुंबई-पुण्याला असेल तर आदल्या दिवशी पोचा. पावसात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, घाटात दरड आली तर हायवेही बंद. सोबत सीव्हीच्या दोन प्रिंट, मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलीत, आणि जिथे अर्ज केलाय ती जाहिरात. आठ-दहा दिवसांत काही कळलं नाही तर एक फोन करा, "सर, अमुक तारखेला स्टोअरच्या पोस्टसाठी आलो होतो," एवढं बोलून विचारा. आमच्याकडे एका वहीत असा फोन केलेल्यांची नावं लिहिलेली असतात आणि पुढची जागा निघाली की आम्ही तिथूनच फोन लावायला सुरुवात करतो.